लंडनहून एका दिवसात केंब्रिज: आई-बाबांना घेऊन जाताना

विचारलेलं थोडक्यात असं: लेक लंडनला नोकरीला, आई-बाबा भारतातून आलेत, दोघंही पासष्टीच्या पुढचे पण चालते-फिरते, शाकाहारी. एका दिवसात केंब्रिज बघायचंय. युनिव्हर्सिटीचं मेन गेट कुठे, तिकीट किती, आणि त्याच दिवशी ऑक्सफर्ड उरकता येईल का?

ऑक्सफर्ड त्याच दिवशी नाही. दोन्ही गावांमध्ये थेट रेल्वे नाही. बसने जा किंवा लंडनला परत येऊन दुसरी गाडी पकडा, मधले तीनेक तास गेलेच म्हणून समजा. त्या तीन तासांत केंब्रिजचा सगळ्यात चांगला भाग बघून होतो.

मेन गेट तर नाहीच. गणेशखिंडीच्या फाटकातून आत शिरलं की पुणे विद्यापीठ सुरू होतं, तसा प्रकार इथे नाही. १२०९ मध्ये ऑक्सफर्डमधून भांडून बाहेर पडलेली मंडळी इथे आली, तेव्हापासून गाव आणि विद्यापीठ एकमेकांत मिसळून वाढलंय. आज ३१ कॉलेजं आहेत. प्रत्येकाची भिंत वेगळी, दार वेगळं, दारावरचा पोर्टर वेगळा, आणि पर्यटकांना कधी, किती वाजेपर्यंत, किती पैसे घेऊन आत सोडायचं हेही ज्याचं त्याने ठरवलेलं. सगळ्यांना मिळून चालणारं एक तिकीट नसतं. म्हणून दिवस आखताना नकाशापेक्षा दारांच्या वेळा आधी बघा. माझा सल्ला विचाराल तर पैसे एकाच कॉलेजात भरा, ते नीट बघा, आणि बाकीची रस्त्यावरून, पुलांवरून आणि नदीतून बघा. चार कॉलेजांची तिकिटं काढणारे दुपारी तीनपर्यंत दमलेले असतात, आणि चौथं हिरवं अंगण पहिल्यापेक्षा वेगळं काय होतं ते त्यांना सांगता येत नाही.

त्याआधी एक गोष्ट तपासा. ओळखीत, ओळखीच्या ओळखीत कोणी तिथे शिकतंय का? विद्यार्थ्याचं युनिव्हर्सिटी कार्ड असेल तर त्याला मोजके पाहुणे बहुतेक कॉलेजांत फुकट आत नेता येतात, पर्यटकांना बंद असलेल्या वेळेतही बऱ्याचदा. मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला तर असं माणूस सापडतं. तिकिटाचे पैसे वाचतात हा वरचा फायदा; खरा फायदा म्हणजे जेवणाचा हॉल, जिने, खोल्यांची दारं असं जे पर्यटकाला दिसत नाही ते दिसतं.

आता तारीख. शैक्षणिक वर्षाची तीन सत्रं, प्रत्येक जेमतेम आठ आठवड्यांचं: ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, आणि एप्रिलअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. तिसरं सत्र परीक्षांचं. तेव्हा बरीच कॉलेजं पर्यटकांसाठी दारं लावून घेतात. भारतातून येणारे आई-बाबा मात्र नेमके मे-जूनमध्ये येतात, हवा चांगली म्हणून. तसं असेल तर निराश होऊ नका, पण कॉलेजांच्या आत जाण्याचा हट्ट सोडा आणि नदी, संग्रहालयं, किंग्ज कॉलेजचं चॅपल (प्रार्थनाघर) यांवर दिवस काढा. जुलै ते सप्टेंबर दारं उघडी, पण विद्यार्थी नाहीत आणि टूरच्या बसगाड्या ओतत असतात. मला विचाराल तर ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन आठवडे उत्तम: विद्यार्थी आलेले, चॅपलचा गायकवृंद गातोय, झाडं रंगलेली आणि संध्याकाळी सहापर्यंत उजेड. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, तेव्हा दिवस अर्धाच उरतो.

वार मंगळवार ते शुक्रवार. सोमवारी फिट्झविल्यम म्युझियमसकट बरीच संग्रहालयं बंद. शनिवारी किंग्ज कॉलेजसमोरच्या किंग्ज परेड या रस्त्यावर दादर स्टेशनच्या पुलाइतकी गर्दी. रविवारी रेल्वेची दुरुस्तीची कामं काढलेली असतात, तेव्हा जायचंच असेल तर आदल्या रात्री वेळापत्रक बघा.

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून जलद गाडी पन्नासेक मिनिटांत पोचते. त्याच मार्गावर प्रत्येक स्टेशन घेत जाणाऱ्या गाड्याही आहेत, त्या बराच जास्त वेळ खातात. फलाटावर पहिली दिसली म्हणून बसू नका. लिव्हरपूल स्ट्रीटवरूनही गाड्या आहेत, साधारण सव्वा तास. पूर्व लंडनला राहात असाल तर तीच सोयीची. तिघं एकत्र जाताय, तर तिकीट काढताना ‘ग्रुपसेव्ह’ निवडा: ३ ते ९ जणांना ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून चालणाऱ्या) तिकिटावर एक तृतीयांश सूट, त्याला कुठलंही कार्ड लागत नाही. आठवड्याच्या दिवशी ऑफ-पीक साधारण साडेनऊनंतर सुरू होतं. त्याआधी निघालात तर सूटही नाही आणि बसायला जागाही नाही. उतरायचं ‘केंब्रिज’ला. ‘केंब्रिज नॉर्थ’ हे वेगळं स्टेशन आहे, गावाच्या पलीकडच्या टोकाला.

स्टेशन गावापासून दोनेक किलोमीटर लांब आहे. बाहेरून बस मिळते, टॅक्सी मिळते. पण पाऊस नसेल तर चाला, आणि लोंढा जातो त्या दुकानांच्या रस्त्याने नको. स्टेशन रोडने हिल्स रोडला लागा, मोठ्या कॅथलिक चर्चच्या चौकात डावीकडे लेन्सफील्ड रोड धरा आणि ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर उजवीकडे वळा. म्हणजे तुम्ही गावात दक्षिणेकडून शिरता आणि सगळं ओळीने समोर येत जातं, मागे फिरावं लागत नाही. एक सावधगिरी: ट्रम्पिंग्टन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना उघडे पाट आहेत, सतराव्या शतकात गावाला पाणी पुरवायला खोदलेल्या हॉब्सन कालव्याचे. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये, रुंद आणि चांगले खोल. फोटो काढताना मागे सरकत गेलं की पाय आत जातो. आई-बाबांना आधी सांगून ठेवा.

या रस्त्यावर पहिलं मोठं ठिकाण फिट्झविल्यम म्युझियम. फुकट आहे, स्वच्छतागृह आहे, कॅफे आहे, म्हणून दिवसाचा पहिला थांबा हाच. तासाभरापेक्षा जास्त देऊ नका. बाहेर पडल्यावर मात्र रस्त्यापलीकडच्या ३१-३२ क्रमांकाच्या जुन्या घराकडे बघा. फिट्झविल्यम हाउस ते हे. स्वतःचं कॉलेज परवडत नसलेल्या विद्यार्थ्यांची इथे सोय होई. सुभाषचंद्र बोस इथलेच, आणि पन्नाशीच्या दशकात बनारसहून गणित शिकायला आलेले जयंत नारळीकरही इथलेच. १९६३ मध्ये संस्था हंटिंग्डन रोडला गेली आणि पुढे फिट्झविल्यम कॉलेज झाली. नारळीकरांचं कॉलेज बघायचं म्हणून नकाशात ‘फिट्झविल्यम’ टाकणारे म्युझियममध्ये पोचतात, आणि म्युझियमला निघालेले कधीकधी दोन किलोमीटर पलीकडे टेकाडावरच्या कॉलेजात. नाव तपासून टाका.

म्युझियमला लागूनच पीटरहाउस, १२८४ चं, सगळ्यांत जुनं कॉलेज. दारातून डोकावून पुढे चला. उजव्या हाताला पेम्ब्रोकचं चॅपल लागेल. लंडनचं सेंट पॉल्स बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनने पूर्ण केलेली ही पहिली इमारत. त्याच रस्त्यावर फिट्झबिलीज ही १९२० पासूनची बेकरी, तिचा चिकट पाकातला चेल्सी बन प्रसिद्ध आहे. एक घ्या आणि तिघांत खा; पूर्ण एक खाल्लात तर जेवण जाणार नाही.

बेनेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर काचेमागे कॉर्पस क्लॉक दिसेल. गर्दीवरूनच ओळखता येईल. २००८ मध्ये स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते याचं अनावरण झालं. लोक घड्याळावर बसवलेल्या मोठ्या टोळाचा फोटो काढून निघून जातात, घड्याळ वाचत नाहीत. जरा थांबून वाचा. दीड मीटर व्यासाची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी, काटे नाहीत, आकडे नाहीत. फटींची तीन वर्तुळं आहेत: आतलं तासांचं, मधलं मिनिटांचं, बाहेरचं सेकंदांचं, मागचे निळे दिवे फटींतून दिसतात. वरचा टोळ म्हणजे नुसती शोभा नाही. जुन्या लंबकाच्या घड्याळात चाकाला एकेक दात सोडत अडवणारा जो भाग असतो, तोच इथे बाहेर आणून जनावर केलाय. त्याचे पाय चाकाचा दात पकडतात आणि सोडतात, जबडा उघडतो आणि मिटतो, मधूनच पापणी लवते. लंबक कधी अडखळतो, कधी थांबल्यासारखा होतो, मग पळून वेळ भरून काढतो. हे मुद्दाम केलंय. घड्याळ पाच मिनिटांतून एकदाच अचूक असतं. म्हणून गाडीची वेळ यावर बघू नका.

समोरच्या बेनेट चर्चचा मनोरा सॅक्सन काळातला, सुमारे हजार वर्षांचा. त्याच गल्लीत ‘द ईगल’ हा पब. २८ फेब्रुवारी १९५३ ला फ्रान्सिस क्रिक या शास्त्रज्ञाने दुपारच्या जेवणाच्या वेळी इथे येऊन जीवनाचं रहस्य सापडल्याचं जाहीर केलं, ही डीएनएची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तो शोध लागला ती प्रयोगशाळा दोन मिनिटांवर, फ्री स्कूल लेनमध्ये आहे. जुनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ ची, आणि १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तो इथेच. आत जाता येत नाही, भिंतीवरच्या पाट्या वाचायच्या. बाबा इंजिनियर किंवा शास्त्र शिकवणारे असतील तर ही अरुंद, काळपट गल्ली त्यांना किंग्ज कॉलेजपेक्षा जास्त आवडेल, हे गृहीत धरून वेळ ठेवा. तिथलंच व्हिपल म्युझियम जुन्या शास्त्रीय उपकरणांचं आहे, तेही फुकट. ते आठवड्याच्या दिवशी दुपारीच उघडतं.

आता किंग्ज. पैसे भरायचे ते बहुतेकांनी इथेच भरावेत. तिकीट पंधरा-वीस पौंडांच्या घरात, वेबसाइटवर आधी काढून ठेवा. चॅपलचं काम १४४६ मध्ये सुरू झालं, दगडी बांधकाम १५१५ मध्ये संपलं. मध्ये राजे मेले, युद्धं झाली, पैसा आटला. भिंतीच्या दगडाचा रंग एका रेषेवर बदललेला दिसतो, पहिल्या पांढऱ्या दगडाचा पुरवठा थांबला तिथे. आत शिरल्यावर लोक आधी खिडक्यांकडे बघतात; तुम्ही छताकडे बघा. ८८ मीटर लांबीवर दोन्ही बाजूंच्या खांबांतून दगडाच्या झावळ्या उमलत जातात आणि मध्यावर एकमेकींना टेकतात. लाकूड नाही, लोखंड नाही. जॉन वेस्टेल या गवंड्याने हे छत १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत उभं केलं. या पद्धतीचं जगातलं सगळ्यांत मोठं छत हेच. मधल्या लाकडी पडद्यावर एच आणि ए ही अक्षरं गुंफलेली शोधा: राजा आठवा हेन्री आणि त्याची राणी ॲन बोलिन. पडदा बसवून होतो न होतो तोच तिचं डोकं उडवलं गेलं, अक्षरं राहिली.

आता पैसे वाचवायचा मार्ग. सत्रात बहुतेक संध्याकाळी साडेपाचला इथे इव्हनसाँग होतं, म्हणजे सायंप्रार्थना, आणि ती फुकट असते. कुठल्याही धर्माच्या माणसाला बसता येतं. पण त्यात काय मिळत नाही तेही समजून घ्या: फिरता येत नाही, फोटो काढता येत नाही, बाजूच्या दालनांतलं प्रदर्शन बघता येत नाही, आणि हिवाळ्यात त्या वेळी बाहेर अंधार असल्याने खिडक्या काळ्या ठिक्कर असतात. सोळाव्या शतकातली ती रंगीत काच बघायची तर ऊन हवं, म्हणजे दिवसाचं तिकीट हवं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गेलात तर ठरवा: डोळ्यांसाठी दिवसा किंवा कानांसाठी संध्याकाळी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला किंवा एप्रिलअखेरीनंतर एकाच फुकट फेरीत दोन्ही थोडं थोडं मिळतं. इव्हनसाँग असेल त्या दिवशी चॅपल पर्यटकांना दुपारीच बंद होतं, हेही लक्षात ठेवा. साडेचारला तिकीट काढायला पोचलेले हात हलवत परततात. प्रार्थनेसाठी पाचपर्यंत रांगेत उभं राहावं. पाऊण तासाचा कार्यक्रम, सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं, काही म्हणायची सक्ती नाही, मधून उठून जायचं नाही. मोठी बॅग घेऊन जाऊ नका. स्टेशनावर सामान ठेवायची सोयही धरून चालू नका.

किंग्जच्या शेजारची पांढरी इमारत सिनेट हाउस. इथे मराठी माणसाने दोन मिनिटं थांबावंच. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला वर्ग मिळवणारे ते रँग्लर, आणि त्यांत पहिला तो सीनियर रँग्लर. निकाल या इमारतीत क्रमाने वाचून दाखवत. १८९९ मध्ये दापोलीजवळच्या मुर्डीचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा मुलगा बर्टविसल या विद्यार्थ्याबरोबर विभागून पहिला आला. हिंदुस्थानातला पहिला सीनियर रँग्लर. पुढे पुण्यात येऊन त्यांनी फर्ग्युसनचं प्राचार्यपद सांभाळलं. क्रमवार निकाल वाचायची पद्धत १९०९ नंतर बंद झाली. परांजप्यांचं कॉलेज सेंट जॉन्स, याच रस्त्याने सरळ पुढे सहा-सात मिनिटांवर. मनमोहन सिंगही तिथलेच.

वाटेत ट्रिनिटी कॉलेजचं मोठं दार लागेल. आत सोडत असले-नसले तरी दारावर वर बघा: आठव्या हेन्रीच्या पुतळ्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे, विद्यार्थ्यांनी केव्हातरी बदललेला आणि मग कोणी परत न बदललेला. दाराच्या उजवीकडच्या हिरवळीवर लहानसं सफरचंदाचं झाड आहे. हे न्यूटनचं झाड नव्हे. त्याच्या गावच्या झाडाच्या कलमाचा वंश आहे. मागच्या खोल्या मात्र त्याच्या होत्या. रस्त्यापलीकडचं व्ह्यूएल्स कोर्ट हे १९१४ मध्ये आलेल्या रामानुजनचं काही काळ राहायचं ठिकाण. चिंतामणराव देशमुखांचं जीझस कॉलेज इथून दहा मिनिटं बाजूला आहे. तिथे गर्दी कमी, अंगणं मोठी, पाय दुखत नसतील तरच जा.

हिरवळीवर पाय ठेवू नका, कुठल्याच कॉलेजात. तो हक्क फेलो लोकांचा, म्हणजे कॉलेजच्या अध्यापक मंडळींचा, आणि पोर्टर लांबून ओरडतात. आई-बाबांना परक्या देशात कोणी ओरडलेलं आवडत नाही. दुसरं म्हणजे सायकली. एकेरी वाटणाऱ्या गल्ल्यांत त्या दोन्ही बाजूंनी येतात, आवाज न करता. फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध उभं राहू नका.

जेवण मार्केट स्क्वेअरमध्ये. खाण्याच्या गाड्या लागतात, त्यांत शाकाहारी भरपूर मिळतं. घरून पराठे आणले असतील तर उत्तमच, बाकांची कमतरता नाही. स्वच्छतागृह जवळच्या लायन यार्डमध्ये. तुम्हाला भारतीय वाणसामान हवं असेल तर मिल रोड, पण ते स्टेशनच्या बाजूला आहे, परतताना बघा.

दुपार नदीसाठी. आई-बाबा बरोबर आहेत तर नावाडी असलेली पंट घ्या. पाऊण-एक तासाची फेरी, वल्ह्याऐवजी लांब काठीने ढकलत नेलेली सपाट नाव. तिकीटवाले गाठतील. पहिली सांगितलेली किंमत शेवटची नसते, विशेषतः ढगाळ दिवशी आणि चार वाजल्यानंतर. पण ऑनलाइन दर आधी बघून मगच घासाघीस करा. सिल्व्हर स्ट्रीटहून उत्तरेला निघालात की क्रमाने क्वीन्सचा लाकडी ‘मॅथेमॅटिकल ब्रिज’, किंग्ज, १६४० चा क्लेअरचा पूल, उजवीकडे ट्रिनिटीची रेन लायब्ररी आणि शेवटी सेंट जॉन्सचा झाकलेला ‘ब्रिज ऑफ साइज’, म्हणजे उसाशांचा पूल. नावाडी कदाचित सांगेल की लाकडी पूल न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला. न्यूटन १७२७ मध्ये वारला, पूल १७४९ चा, आणि त्याला बोल्ट आहेत. गोष्ट ऐका आणि हसून सोडून द्या.

लेकीला स्वतः चालवायची हौस असेल तर एक तासाची नाव भाड्याने मिळते. काठी पाचेक मीटरची. नावेच्या मागच्या फळीवर कडेला उभं राहायचं, काठी नावेला चिकटून सरळ खाली सोडायची, हातातून घसरू द्यायची. तळ लागला की ढकला. मग मनगटाने काठीला पीळ द्या आणि वर ओढा. पीळ न देता ओढली की चिखल धरून ठेवतो, नाव पुढे जाते आणि माणूस काठीला लोंबकळत मागे राहतो. अशा वेळी काठी सोडायची, नाव नाही. नावेत छोटं वल्हं ठेवलेलं असतं, त्याने मागे येऊन काठी घ्यायची. दिशा देण्यासाठी काठी मागे पाण्यात सुकाणूसारखी तरंगत ठेवायची. नवखे तिथेच चुकतात, सारखी ढकलतात आणि नाव गोल फिरते. कॉलेजांच्या मागच्या पट्ट्यात पात्राच्या मध्यावर खडीचा उंचवटा आहे, कारण पूर्वी मालाच्या होड्या ओढणारे घोडे पात्रातूनच चालत. काठांवर कॉलेजांनी वाट दिली नव्हती. मध्यावर राहिलात तर काठी रुतत नाही. कडेला गेलात की चिखल.

नाव नको असेल तर ट्रिनिटी लेनमधून गॅरेट हॉस्टेल लेनने पुलावर जा. हा सार्वजनिक पूल आहे, तिकीट नाही, आणि दोन्ही बाजूंना नदीतून दिसतं तेच दिसतं. पलीकडे क्वीन्स रोडवर डावीकडे पाच मिनिटं चाललात की कुरणापलीकडून किंग्जचं चॅपल दिसतं. फोटो इथून काढा, समोरच्या रस्त्यावरून तो नीट येत नाही. दुपारी ऊन याच पश्चिमेच्या अंगावर असतं.

परत स्टेशनला चालत जाऊ नका. दिवसभरात सात-आठ किलोमीटर झालेले असतात. एमॅन्युएल स्ट्रीटहून बस मिळते. ऑफिस सुटायच्या वेळी ती रखडते, म्हणून गाडीच्या आधी चाळीस मिनिटं निघा. इव्हनसाँगला बसलात तर सव्वासहाला बाहेर पडाल आणि सातच्या पुढची जलद गाडी आरामात मिळेल. तोवर ऑफिसवाल्यांची गर्दीही ओसरलेली असते, तिघांना एकत्र जागा मिळते. ग्रुपसेव्हच्या तिकिटावर येतानाही तिघांनी एकत्रच प्रवास करायचा असतो, हे मात्र विसरू नका.